दळणाचा नंबर

मी वळसंग सोडलं त्या सकाळी सोलापूर स्टेशनला नेणारी रिक्षा दारात उभी होती आणि आई गिरणीत होती. तासाभरापूर्वी ज्वारीचा डबा घेऊन गेलेली, शेवटी भुवयांवर पीठ घेऊन आली. आपला नंबर कुणा बाईला देऊन बसली होती. "तिची पोरं शाळंला जायची हुती की," म्हणाली. मी भडकले. आजच्या दिवशी तरी? तिनं गरम पीठ पिशवीत बांधून माझ्या बॅगेत कोंबलं. "पुण्यातलं पीठ शिळं असतंय. भाकरी फाटत्या." गाडीत मांडीवरची बॅग कोमट लागत होती, पण माझा घुस्सा कुर्डुवाडीपर्यंत उतरला नाही.

लहानपणापासून हेच. आई नंबर सोडायची आणि मी गिरणीच्या दारात पाय आपटायची. आई भोळी आहे, तिला कुणीही गुंडाळतं, हे माझं ठाम मत. वडील गेल्यावर ती एकटी राहिली, तेव्हा मी ठरवलं, आता हिचे हाल पुरे. किराणा घरपोच, गोळ्या घरपोच, लाइटबिल माझ्या मोबाइलवरून. वर हौसेनं घरच्या घरी दळायची घरघंटीही घेऊन दिली. आईला आता उंबऱ्याबाहेर पाऊल टाकावं लागत नाही, असं ऑफिसात सांगत फिरले. गाव सोडून आलेल्या तुमच्यापैकीही बऱ्याच जणांनी हेच केलं असणार, माझ्याइतक्याच ऐटीत.

मग फोनवर आई आटत गेली. आधी अर्धा तास गावच्या बातम्या असायच्या, आता "जेवलीस का? बरं, ठेवू?" दिवाळीला गेले तर भर दुपारी अंथरुणावर, टीव्ही चालू आणि तोंड भिंतीकडे. सोलापुरात नेऊन सगळ्या तपासण्या केल्या. रिपोर्ट चांगले आले. "मला काय झालं न्हाय गं," ती म्हणाली, "नुसतं बोलावंसं वाटंना झालंय." मी घाबरले. वडील गेले तेव्हाही ती असं बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर गिरणीवाले चाचा भेटले. "आई गावाला गेली व्हय गं? लई दिस दळण आलं न्हाय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. घरी जाऊन डब्यात ज्वारी भरली आणि चल म्हणाले. आई आधी घरघंटीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "तू एवढ्या हौसंनं घेतलीस की." म्हणजे माझं मन राखायला ही बाई चार महिने घरात गप्प बसली होती. मला रडू आलं.

गिरणीतल्या बायकांनी सरकून बाकड्यावर जागा केली. "मेलीस का काय म्हटलं आमी," एक म्हणाली आणि आई हसली, तोंडाला पदर लावून, पोटभर. तिचा नंबर आला. मागच्या बाईला म्हणाली, "तू घे गं आदी." असं तिनं तीनदा केलं. मी बाकड्याच्या टोकाला बसून जन्मात पहिल्यांदा नीट बघत होते. भोळी मी होते.

आता ती ज्वारी एका दिवशी नेते, गहू दुसऱ्या, डाळ तिसऱ्या, आणि तीही दोन-दोन किलो. घरघंटीवर कपड्यांच्या घड्या असतात. मला माणसं लागतात, हे तिनं उभ्या आयुष्यात कुणाला सांगितलं नाही, डबा उचलून चालत राहिली. तिच्या ह्या हुशारीचं मला फार कौतुक वाटतं. इथं मी घरूनच काम करते, पीठ पाकिटातलं आणते आणि कधी कधी आठवडाभर डिलिव्हरीवाल्याशिवाय कुणाशी बोलत नाही.

घर म्हटलं की मला आता आमचं दार आठवत नाही, गिरणीतलं ते बाकडं आठवतं. संध्याकाळी फोन केला की मागे खडखडाट असतो. "ठेव आता, नंबर आलाय माझा," आई ओरडून सांगते. फोन बंद करायला मात्र विसरते. मग तिचाच आवाज येतो, थोडा लांबून.

"तू घे गं आदी. मला कुटं घाई हाय?"

मी फोन ठेवत नाही.