सोवळ्यातला टाका

निरुपयोगी वस्तूंचा आमच्या कुंभकोणमच्या घरमालकांइतका कट्टर वैरी मी दुसरा पाहिला नाही. एकोणीसशे पन्नासच्या दशकात बातमीदारीच्या नोकरीमुळे मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहत होतो. तंजावरच्या मराठी राजांच्या काळी तिकडे स्थायिक झालेल्या घराण्यातले हे गृहस्थ रेल्वेच्या पार्सल कचेरीतून निवृत्त झाले होते आणि दिवसभर क्रोशाने विणत बसत. त्रिचीला बदली असताना तिथल्या स्टेशनमास्तरांच्या बायकोकडून ते हे काम शिकले. तिने फुले आणि झालरीही शिकवल्या होत्या. त्या त्यांनी तिथेच सोडल्या. विणायचे ते स्वयंपाकघराच्या उपयोगाचे: दुधावरची जाळी, ताटाखालची चकती, ताकाच्या मडक्याची टोपी. जाळी वाऱ्याने उडू नये म्हणून कडेला मण्यांऐवजी भोके पाडलेले चिंचोके ओवलेले असत. कॉफीला आलेल्या पाहुण्याने पेला खाली ठेवला की ते दोऱ्याने त्याचा घेर मापत. माझ्या शाईच्या दौतीलाही त्यांनी टोपी विणली आणि आता माझे लिखाण सुधारेल, असे गंभीरपणे सांगितले. त्यांची दुसरी ख्याती गार पाण्याच्या वावड्याची. कावेरी हाकेच्या अंतरावर असूनही ते दुपारपर्यंत अंघोळ टाळत आणि मग कढत पाणी मागत.

इतके विणूनही त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात त्यांची एकही वस्तू नव्हती. तिथे थोरल्या बहिणीचे, अक्कांचे, राज्य होते. अक्का कोवळ्या वयात विधवा होऊन माहेरी आल्या होत्या आणि आईमागे त्यांनीच ह्यांना वाढवले होते. त्यांचा स्वयंपाक कडक सोवळ्यात चाले, आणि भावाच्या हातचा सुती धागा ओवळा. सांधे आखडल्यामुळे त्यांना सांडशी धरवत नसे. भाताचे पितळी भांडे त्या ओल्या पदराने उतरवत, आणि ओल्या कापडातून चटका लवकर बसतो. तळहातावरचा एक डाग जुना होईतो दुसरा पडे. घरमालक उंबऱ्याबाहेरून ते पाहत आणि पुढची चकती विणायला घेत.

रेशीम ओवळे होत नाही, हे त्यांना उशिरा सुचले. शेजारच्या गल्लीतल्या विणकरांकडून उरलेले धागे आणून त्यांनी भांडे धरायला एक लालहिरवा जाड चौकोन विणला. पहिल्याच दिवशी साराचे भांडे त्यातून सटकले आणि सार जमिनीभर झाले. अक्कांनी आतून विचारले, “हें मला नेसायास दिल्हेस की भांडें धरायास?” ‘दिल्हेस’ हे रूप मी तोवर फक्त बखरींत वाचले होते.

त्यानंतर ते देवळासमोरच्या हारवालीपाशी बराच वेळ उभे असलेले दिसले. ती केळीच्या सोपटाच्या ओल्या धाग्याने हार बांधत होती. रायर, म्हणजे तिकडच्या बोलीत रावसाहेब, म्हातारपणी फुलांच्या धंद्यात उतरणार का, असे तिने तमिळमध्ये विचारले आणि एक जुडी दिली. हा धागा वाळला की तुटतो, म्हणून ते पाण्याचा लोटा मांडीशी घेऊन विणत. तयार चौकोन उंबऱ्यावर ठेवून ते म्हणाले, “अक्का, हा धागा रोज देवाच्या गळ्यांत जातो.”

अक्कांनी तो पाण्यात बुचकळला आणि आत नेला.

दुसऱ्या दिवशी घरमालकांनी मला माडीवरून खाली बोलावले. सोवळ्याची लुगडी वाळतात त्या उंच वलणीवर, लुगड्याशेजारी, त्यांचा चौकोन होता. आता तो सोवळ्यातला झाला होता. विणणाऱ्यालाही त्याला हात लावता येत नव्हता. हात पाठीमागे बांधून ते खालून पाहत राहिले.

काही दिवसांनी त्याच्या कडेचा टाका सुटला. खालून तो त्यांना दिसे आणि चैन पडत नसे. शेवटी अक्काच म्हणाल्या, “उसवलें आहे. न्हाऊन ये.”

ते उजाडायच्या आत कावेरीवर गेले. आज ग्रहण आहे का, असे समोरच्या घरातून मला विचारण्यात आले. ओल्या धोतरात कुडकुडत परतलेले घरमालक कित्येक वर्षांनी त्या उंबऱ्याच्या आत जाऊन बसले. अक्कांनी चुलीतले निखारे त्यांच्या बाजूला ओढले.

“सावकाश घाल,” त्या म्हणाल्या. “भाताला वेळ आहे.”

माझी बदली होईपर्यंत तो टाका वरचेवर सुटत राहिला आणि ते पहाटे कावेरीवर जात राहिले. जन्मभर पार्सलांच्या गाठी मारलेल्या माणसाची गाठ इतकी कच्ची कशी, हे मी त्यांना विचारले नाही. माझ्या दौतीच्या टोपीचा एकही टाका अजून सुटलेला नाही.