सडक्या सरकीचा वास
बेला गावच्या रस्त्यावर जिनिंगपाशी भिजलेल्या सरकीचा कुबट वास आला की मला माझ्या एका पेशंटच्या सासूबाई आठवतात. सिझेरियननंतर त्यांच्या सुनेचा ताप तिसऱ्या दिवशीही माझ्या इंजेक्शनांना जुमानत नव्हता. विष रक्तात पसरेल या धास्तीनं मी अर्धी झाले होते, त्यात सर्दीनं नाक बंद. सासूबाई म्हणाल्या, "काऊन डाक्टरीनबाई, नाक घरी ठेवून आल्या का? पोरीच्या अंगाले सडक्या सरकीचा वास येऊन राह्यला!" वॉर्ड हसला, मी चमकले. असा वास हवेविना वाढणाऱ्या जंतूंचा, आणि माझं औषध त्यांना शिवतही नव्हतं! लगेच त्यांना मारणारं मेट्रोनिडाझोल जोडलं. दोन दिवसांत ताप पळाला, सून भाकर मागू लागली, आणि सासूबाई वॉर्डात अशा मिरवल्या की मोठ्या डॉक्टरांनीही वाट दिली. आजही राउंडला निघताना मी आधी नाक शिंकरते, मग स्टेथोस्कोप उचलते.