काकांची सुनावणी

विद्यापीठाच्या कार्यपरिषदेवर प्राध्यापकांमधून मी निवडून आले, तेव्हा आईला आनंद कमी आणि घोर जास्त लागला. ऐंशीनंतरची ती वर्षं, बाईमाणूस, रात्रभराचा प्रवास, त्यात इटारसीला गाडी बदलायची. "कायले नसत्या भानगडीत पडून राहिली वं?" ती म्हणाली. तयार झाली ती फक्त काकांमुळे. काका म्हणजे माझ्या वडिलांचे मित्र, सौसरचे वकील. शासनानं नेमलेले सदस्य म्हणून तेही त्याच परिषदेवर होते. बैठक असली की ते बसनं आमच्या पांढुर्ण्याला येत, घरी चहा घेत, मग आम्ही दोघं स्टेशनवर जात असू. पुढचं तिगाव स्टेशन यायच्या आत त्यांची संत्री सोलून व्हायची. वडील गेल्यापासून माझ्याशी मोकळं बोलणारं तेवढंच एक माणूस होतं, खरं सांगते.

एका बैठकीत सगळं आटोपलं, लोक कागद आवरायला लागले, आणि आयत्या वेळचा विषय म्हणून एक सदस्य उठले. काकांनी आपल्या जावयाच्या कॉलेजला परीक्षा केंद्र मिळवून दिलं, तेव्हा त्यांना परिषदेवरून काढा, असं म्हणाले. काका तिथंच बसले होते. ते बोलायला उठू लागले तर कुलगुरू म्हणाले, बसा. आणि चक्क हात वर व्हायला लागले!

माझं डोकं फिरलं. आरोप लेखी द्या, उत्तराला वेळ द्या, त्यांचं ऐकून घ्या, मग खुशाल काढा, मी म्हटलं. आमच्या जाम नदीवर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लोक एकमेकांना गोटे मारतात, पण मारणारा समोर तरी उभा असतो! दोघंतिघं हसले. कुलगुरूंना हसू आलं नाही. पण विषय पुढच्या बैठकीवर गेला आणि आरोप लेखी देण्याचं ठरलं.

परतीच्या गाडीत काका खूश. "वा! वाघीण आहे माही पोरगी. आता मले कायचं भेव?"

"काका, मी फक्त तुमचं ऐका म्हटलं."

"तेच त!" म्हणाले आणि संत्र्याची फोड माझ्या हातावर ठेवली.

इथंच घोळ झाला. आमच्याकडच्या गावबैठकीत ज्याच्यावर आळ आहे तो मान खाली घालून बसतो, आणि त्याच्या बाजूनं एकदा ज्यानं तोंड उघडलं, त्यानंच शेवटपर्यंत बोलायचं असतं. काकांनी जन्मभर वकिली केली, पण मनात गावबैठकच.

पुढच्या बैठकीआधी ते मुद्दाम घरी आले. खुर्चीत बसले आणि "हे पाय, त्या केंद्राचं असं झालं..." अशी सुरुवात केली. मी त्यांना थांबवलं. "काका, मला तिथं मत द्यायचं आहे. जे सांगायचं ते सगळ्यांसमोर सांगा. इथं ऐकलेलं मला तिथं विसरता यायचं नाही." आई आतून ओरडली, "अवं, घरच्या माणसाले असं बोलतेत काय?" काका हसले. म्हणाले, "बोलू दे तिले. तयारी करून राहिली ते." चहा पिऊन गेले.

बैठकीत आरोप वाचला गेला. कुलगुरूंनी या खेपेला रीतसर सांगितलं, की आता आपलं म्हणणं मांडा, कोणी मध्ये बोलणार नाही. तिथलं कामकाज हिंदीत चाले. काका उठले, कोट नीट केला, माझ्याकडे हात केला. "मेरी ओर से ये बोलेंगी." आणि बसले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कोणाच्याच वतीनं नाही, मी म्हटलं, आणि त्यांनाच विचारलं, की केंद्र ठरलं त्या दिवशी ते कॉलेज जावयाचं आहे हे तुम्ही परिषदेला सांगितलं होतं का? त्यांना आधी वाटलं, मी त्यांना वाट काढून देते आहे. मग चेहरा उतरला. "नहीं," ते म्हणाले आणि मान खाली घालून बसले. त्यांना काढायच्या बाजूची मतं मोजायला सांगितली तेव्हा मी हात वर केला, आणि ठराव मंजूर झाला.

परत येताना ते दुसऱ्या डब्यात बसले. मी खिडकीला डोकं टेकून रडले, अगदी लहान पोरीसारखी. पांढुर्ण्याला उतरले तर काका फलाटावर थांबले होते.

"त्या दिवशी मी घरी सांगाले आलो होतो, का माह्याकडून चूक झाली," ते म्हणाले. "मी राजीनामा देतो म्हणणार होतो. तुवा ऐकलंच नाही."

आणि सौसरच्या बसकडे चालू लागले.

मी चुकले नाही. आजही कोणी विचारलं तर हेच सांगेन: घरात वेगळं आणि तिथं वेगळं ऐकायचं नसतं. पण काकांनी पुन्हा ना मला काही विचारलं, ना आमच्या दारात पाऊल ठेवलं. ते वारले ते मला बाजारात कळलं, भाजीवालीकडून, तेराव्यानंतर.