पाच वाजता ये

आमच्या कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या कारकुनाला आवाज ऐकू यायचे. गोळ्यांनी बाकीचे गेले, पण 'तू चोर आहेस' म्हणणारा एक काही हटेना. शेवटी डॉक्टर दर बुधवारी त्याच्याशी तासभर बोलू लागले. आवाजाशी भांडू नका, त्याला वेळ ठरवून द्या. शंका आली तर शेजाऱ्याला विचारा, त्यालाही ऐकू आलं का.

टोलवाटोलवी सरकारी कारकुनाला डॉक्टरांनी शिकवायची म्हणजे कमालच! फायलीतून मान वर न करता तो आवाजाला म्हणायचा, "आता काम करून राहिलो गा. पाच वाजता ये." पाचला दौत झाकून, दहा मिनिटं खिडकीपाशी इमानदारीत ऐकत बसायचा आणि मग सायकल काढायचा. आम्ही हसायचो.

एकदा सावनेरचा एक म्हातारा जमिनीच्या कागदाच्या नकलेसाठी तिसऱ्यांदा आला. मी पानाला चुना लावत म्हणालो, "उद्या या."

शेजारची मान वर झाली.

"भाऊ, या बुढ्याचं बोलणं तुमालेबी ऐकू आलं ना?"

"आलं की."

"मंग हा खरा हाये. याले काहून उद्या बोलावता?"