माझ्या मांगरातली बाई

मालिकावाल्यांनी मला फसवलं. आंब्याच्या बागेतला माझा मांगर त्यांनी चार दिवस चित्रीकरणासाठी घेतला. भाड्याच्या घासाघिशीत मी त्यांना रडवलं, कौलं फुटली तर काय, तेही आधीच लिहून घेतलं. फक्त गोष्ट काय आहे, ते विचारायचं राहिलं.

भुताचे सिनेमे मला कधीच पटले नाहीत. भूत यायच्या आधी संगीत वाजतं, माणूस सावध होतो. घरगुती मालिकांत तर सासूने नुसतं वळून बघितलं तरी ढोल बडवतात. ह्यांनी मात्र काहीच वाजवलं नाही. माझ्या मांगराच्या माळ्यावरून, भाताच्या पेंढ्यातून, एक बाई सावकाश खाली वाकून बघते. तेही भर दुपारी. बागेत दुपारी असते तशीच शांतता.

राखणीवरचा माणूस तो भाग बघून लांज्याला आपल्या घरी निघून गेला. "मालक, मांगर तुमचा, तुम्हीच निजा तिथे," म्हणाला. मी त्याच्यावर ओरडलो. मग पेंढा काढायला स्वतः गेलो, शिडीच्या तिसऱ्या पायरीवर थांबलो आणि खाली उतरलो.

बायको म्हणते, "अहो, ती नटी आहे. आपल्याच ओटीवर बसून तिने दोनदा सोलकढी मागून घेतली."

ते मलाही माहीत आहे. तरी पाय वर जात नाही. आंबा काढायला आठ दिवस राहिलेत, पेंढ्याशिवाय तो पिकत घालू कसा? त्या दिग्दर्शकाने रत्नागिरीला यावं, माझ्याआधी ती शिडी चढावी आणि वर कोणी नाही, हे मला माळ्यावरून सांगावं.