आबांनी बोर्डो पिला

माझी जीभ नोकरी करते. थट्टा नाही करत. बारामती एमआयडीसीतल्या एका दूध कारखान्यात मी चव तपासायचं काम करते. दूध, दही, ताक, चीज, जे काही तिथं तयार होतं ते आधी माझ्या तोंडात जातं. घोळवायचं, थुंकायचं, शेरा मारायचा. नवऱ्याला याचा भारी वैताग. घरी आमटीचा भुरका मारून मी गप्प झाले, की ते म्हणतात, "अगं बाई, गीळ की आता, घर आहे हे!"

तर या जिभेपायी मला कारखान्यानं फ्रान्सला पाठवलं. चीजचं नवीन यंत्र घ्यायचं होतं, ते बघायला मी आणि आमचे एक इंजिनिअर साहेब गेलो. काम संपलं आणि यंत्रवाला म्हणाला, चला, माझ्या मेहुण्याचा द्राक्षमळा आहे, बोर्डोजवळ.

बोर्डो म्हटल्यावर मला हसूच फुटलं. आमच्या इंदापूर भागात बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना कालवून केलेलं निळं औषध. द्राक्ष असो नाहीतर डाळिंब, करपा दिसला की मार बोर्डो. माझे वडील, म्हणजे आबा, त्यांच्या सदऱ्याच्या बाह्या बारमाही निळ्या. मला लहानपणापासून ते कंपनीचं नाव वाटायचं. ते एका शहराचं नाव आहे आणि हे औषध तिथल्याच द्राक्षांवर पहिल्यांदा मारलं गेलं, हे कळायला माझे निम्मे केस पांढरे व्हावे लागले!

मेहुण्यानं तळघरात नेलं. आत चांगलाच गारवा होता आणि लाकडी पिंपांच्या रांगा लागलेल्या. त्यानं काचेच्या नळीनं एका पिंपातली लाल वाइन काढून आमच्या हातात पेले दिले. मी आयुष्यात दारूला शिवलेली नाही. पण तो म्हणाला, इथं प्यायची नसते, चव घेऊन थुंकायची असते. म्हटलं, मग हे तर आपलं रोजचंच काम. तोंडात घेतली. आधी जांभूळ लागलं, अगदी पिकलेलं, काळंभोर. मग एकदम सगळं तोंड आवळलं. हिरड्या कोरड्या पडल्या, जीभ टाळूला चिकटली. कच्च्या केळाची साल चावल्यासारखं तुरट!

"बिघडलीय," मी साहेबांना म्हटलं. साहेबांनी ते इंग्रजीत सांगितलं आणि तो माणूस पोट धरून हसला. बिघडलेली नाही, म्हणाला, कोवळी आहे. हा तुरटपणाच तिला टिकवतो. बाटली अंधारात, गारव्यात, आडवी ठेवायची म्हणजे बूच ओलं राहतं. हलवायची नाही. दहा-बारा वर्षांनी तुरटपणा मऊ होतो, मग उघडायची.

मी तीन बाटल्या विकत घेतल्या. साहेब बघतच राहिले. कशासाठी घेतल्या ते त्यांना सांगितलं नाही, इथं सांगते. आई जाऊन वर्ष होत आलं होतं आणि आबा बोलायचे बंद झाले होते. लोणी देवकरच्या पुढं आमची वस्ती, तिथं एकटेच राहायचे. मी रोज फोन करायची. "जेवलात का?" "हां." "बाग कशीय?" "हाय." संपलं. ज्या माणसानं पूर्वी फोनवर छाटणीची गोष्ट सांगताना माझी भाजी करपवली होती, तो माणूस दोन शब्दांवर आला होता. मला भीती वाटायची. कसली भीती ते मी नवऱ्याजवळही मोठ्यानं बोलले नव्हते. बाटल्या दाखवून निदान त्यांना बोलतं करावं, एवढाच माझा हिशेब.

आणि खरंच बोलले की! बाटलीवरचं नाव वाचून दाखवलं तर म्हणाले, "बोर्डो? आपलं फवारायचं?" मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी बाटली उन्हात धरून बघितली. "म्हंजे मी जल्मभर ज्या गावाचं नाव घेतलं, त्या गावची ही दारू व्हय?" हसले. किती दिवसांनी! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

आता ठेवायच्या कुठं? बारामतीत आमचा फ्लॅट उन्हाळ्यात नुसता भाजतो. वस्तीवर विहीर आहे, जुनी, दगडी पायऱ्यांची. पायऱ्यांच्या अर्ध्यावर एक कोनाडा आहे, पूर्वी तिथं डिझेल इंजिन बसवलेलं होतं. पाण्यात मोटर सोडल्यापासून तिकडं कुणी फिरकत नाही. मी थर्मामीटर नेऊन बघितला. फ्रान्सवाल्यानं तो आकडा बघून कपाळाला हात लावला असता, पण आमच्या पंचक्रोशीत याहून गार जागा नाही. खोक्यात गोणपाट घालून बाटल्या आडव्या ठेवल्या आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं, "हात लावू नये."

"कुणी इचारलं खोक्यात काय हाय, तर काय सांगू?" आबांनी विचारलं. माळकरी घर आमचं. गावातलं दारूचं दुकान बंद करायला आबाच पुढं झाले होते.

"काहीही सांगा."

"बोर्डो हाय म्हणून सांगीन. खोटं बी न्हाय." आणि पुन्हा हसले.

पण ते हसू तेवढ्यापुरतंच. मी बारामतीला परतले, फोन पुन्हा "हां" आणि "हाय" वर आला.

उन्हाळा तोंडावर होता. दुपारी मी कारखान्यात दह्याचे नमुने चाखत होते. चुलतभावाचा फोन आला. तो शेजारच्याच वस्तीवर राहतो.

"आक्का, आबांनी बोर्डो पिला!"

मला काही कळलंच नाही. म्हणजे शब्द कळले. हातातला चमचा तसाच हातात.

"तोंड निळंजांभळं पडलंय गं! विहिरीच्या काठाला झोकांड्या खात हुते. म्या इचारलं काय पिलाव, तर म्हणले बोर्डो. आमी इंदापूरला दवाखान्यात घिऊन चाललोय. तू ये."

फोन बंद. आणि मी, जिच्या डोक्यात बोर्डो म्हटल्यावर बाटली यायला पाहिजे होती, जिनं स्वतः ती बाटली विमानातनं आणली होती, त्या मला मोरचुदाचं पिंपच दिसलं. बाटल्या आठवल्यासुद्धा नाहीत. मनात आलं, झालं. जे होणार होतं ते झालं.

गाडी कशी चालवली ते विचारू नका. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, आणि मी हॉर्नवरचा हात काढत नव्हते. एका ट्रॉलीवाल्यानं मला आईवरनं शिवी दिली. मी काच खाली करून त्याला उलट दिली, तीही आईवरनंच. मग रडायला लागले. आईला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात.

दवाखान्याच्या दारात आमच्या वस्तीवरची दहा-बारा माणसं उभी होती. माझ्याकडं बघून सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्या खाली गेलेल्या माना मी जन्मात विसरणार नाही. एक म्हातारी माझ्या पाठीवरनं हात फिरवून म्हणाली, "बाय, वैनी गेल्यापास्नं त्येंचं मन कशातच न्हवतं. आमाला वाटतच हुतं." बाकीच्यांनी हं हं केलं. चुलतभावाच्या सदऱ्यावर जांभळे डाग. त्यानं वाटेतच मिठाचं पाणी पाजून आबांना ओकायला लावलं होतं. "समदं जांभळं जांभळं पडलं गं," तो म्हणाला आणि लहान पोरासारखा हमसायला लागला.

तेवढ्यात आतून डॉक्टर आले. तरुण होते, गळ्यात नळी, चेहऱ्यावर विचित्र भाव.

"ह्यांची मुलगी कोण?"

"मी."

"ताई, विषाचा काही संबंध नाही. मोरचूद नाही, काही नाही. त्यांनी दारू घेतलीय. वाइन. उपाशीपोटी घेतली, म्हणून चढली. ठीक आहेत, सलाईन लावलंय."

मी भिंतीला टेकले. आता कुठं मला बाटल्या आठवल्या! कोवळी लाल वाइन, ती ओठ-दात जांभळे करणारच. माझे स्वतःचे झाले होते, फ्रान्समध्ये, हॉटेलच्या आरशात बघून मी दचकले होते. मूर्ख, मूर्ख बाई!

पण माझ्या मागं वेगळाच गोंधळ उडाला होता.

"आबांनी? दारू?" "हॅ! शक्यच न्हाय!" "डाक्टर, पुन्यांदा बघा, काय तरी चुकतंय तुमचं." चुलतभाऊ तर डॉक्टरांवर धावूनच गेला. "अवो, आमचा चुलता सरबत पिताना बी तीनदा इचारतो! दारू म्हणं!" मघाशी माना घालून उभी असलेली माणसं आता हात नाचवून भांडत होती. मीच सांगितलं त्यांना, बाटली माझी आहे म्हणून. सगळे माझ्याकडं बघायला लागले. आबा सुखरूप आहेत याचा आनंद करायचं कुणाला सुचलंच नाही.

मी आत गेले. आबा डोळे मिटून पडले होते. ओठ जांभळे, दात जांभळे, दाढीच्या खुंटांतही जांभळं. मी जवळ बसले तशी त्यांनी डोळे उघडले. दार उघडंच होतं. बाहेरचं सगळं त्यांनी ऐकलं होतं.

"दारू पिली म्हणल्यावर एकाचा बी इश्वास बसंना," ते म्हणाले. "आन् इख पिलं म्हणल्यावर एकानं बी म्हणलं न्हाय, की आबा असं करायचा न्हाय."

खोटं बोलायची सोय नव्हती, माझे डोळे सुजलेले होते.

"तुला बी खरं वाटलं?"

"हो आबा," मी म्हटलं. "लगेच खरं वाटलं."

त्यांनी मान भिंतीकडं वळवली. मी त्यांचा पाय धरून बसून राहिले. बाहेर चुलतभाऊ कुणाला तरी फोनवर सांगत होता, "आरं न्हाय न्हाय, दारूच हुती, देवाच्यानं!"

संध्याकाळच्या आत डॉक्टरांनी सोडलं. मी नवऱ्याला फोन करून सांगितलं, आबांना घेऊन येतेय, राहायला. आबा नको म्हणाले नाहीत. मला तेही नवल वाटलं. एरवी बारामतीत दोन दिवस काढायचे म्हटले तरी बागेची शंभर कारणं सांगायचे. गाडीत पुढच्या सीटवर बसले, खिडकीतनं बाहेर बघत. मी थोडी सावरले होते. मला वाटलं, वातावरण जरा हलकं करावं.

"काय आबा, माझी बाटली फोडलीत ना? बूच कशानं काढलंत?"

"काढलं न्हाय. छाटणीच्या कात्रीनं आत ढकाललं."

"एवढ्या पायऱ्या उतरून गेलात, चव बघायला? मला सांगितलं असतंत तर मी पेला भरून दिला असता."

समोर उसाची ट्रॉली होती, रस्ता अरुंद, मी तिच्या मागं हळूहळू चालले होते.

"बाटलीसाठी न्हवतो उतरलो," ते म्हणाले.

मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. मागचा मोटारसायकलवाला शिव्या घालत निघून गेला.

"खालच्या पायरीला पाण्याजवळ जाऊन बसलो हुतो. लई येळ. मग वर बघितलं तर तुझा खोका. तुझं अक्षर. म्हणलं, लेक एवढं परदेशातनं घिऊन आली, आपून बघितलंच न्हाय काय हाय ते. एकदा बघावं. जाताजाता."

मी त्यांचं मनगट धरलं, इतकं घट्ट की त्यांची बोटं पांढरी पडली.

"मग?"

"मग काय! पाण्यासारखं घटाघटा पिलो आन् मागनं चव आली. आगं, काय तुरट, काय तुरट! तोंडाचं पार वाटुळं झालं. जीभ हालंना. म्हणलं, ह्या चवीवर जायाचं व्हय?" त्यांनी तोंड वेडंवाकडं केलं. "गुळाचा खडा घ्यावा म्हणून वर आलो. घराकडं निघालो, तवर ह्यांनी मला धरला."

मी रडत होते, आवाज करून, रस्त्याच्या कडेला, जाणारे-येणारे बघत होते तरी.

"आगं सोड हात," आबा म्हणाले. "तोंड आजून तसंच हाय माझं. गूळ मिळतोय का बघ कुठं."

पुढच्या गावात पहिलं किराणा दुकान दिसलं तिथं मी गाडी उभी केली. दुकानदारानं विचारलं, "किती देऊ?" मला सांगताच येईना. मी अख्खी ढेप उचलून आणली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.