फॉर्मवरची ती एक खूण

गेल्या वर्षी माझ्या वडिलांच्या पोटात सारखं दुखायला लागलं. जेवण कमी झालं, शर्ट खांद्यावरून लोंबायला लागला. कर्जतच्या डॉक्टरांनी पोटाचा सीटी स्कॅन सांगितला, शिरेतून औषध देऊन. मी शाळेत शिकवते. रजा टाकली आणि बाबांना रिक्षाने खोपोलीच्या सेंटरवर घेऊन गेले.

बाबांचं सगळं आयुष्य मोहोपाड्याच्या केमिकल कारखान्यात गेलं. दुखणं सांगणं त्यांना कमीपणाचं वाटतं. चार तास काही खाऊ नका असं सांगितलं होतं, तर त्यांनी सकाळपासून पाण्याचा थेंबही घेतला नाही. वाटेत मी पिशवी तीनदा उघडून पाहिली. किडनीचा रक्ताचा रिपोर्ट जागेवरच होता, तरी हात पुन्हा पिशवीकडे जायचा.

काउंटरवरच्या मुलीने एक फॉर्म दिला. दमा आहे का, किडनीचा त्रास आहे का, याआधी असं औषध घेतल्यावर काही त्रास झाला होता का. मी एकेक प्रश्न वाचत गेले, बाबा प्रत्येकाला नाही म्हणत गेले. खुणा मी केल्या, सही त्यांनी केली.

मग टेक्निशियन आले. गळ्यातली साखळी आणि कमरेचा पट्टा काढायला लावला. औषध गेलं की अंग एकदम गरम होईल, लघवी झाल्यासारखं वाटेल, पण तसं काही झालेलं नसतं, घाबरायचं नाही, असं नीट समजावलं. श्वास रोखायला सांगितलं की रोखायचा. बाबांनी मान डोलावली आणि माझ्याकडे न बघता आत गेले.

मला बाकावर बसवेना. दारापासून पाण्याच्या कूलरपर्यंत जायचं आणि परत यायचं, असं चाललं होतं. शेवटी साजगावला आत्याला फोन लावला. काहीतरी बोलायचं म्हणून मी तिला सगळं सांगत होते. शिरेतून औषध म्हटल्यावर ती मध्येच थांबली.

"त्यानं सांगितलं का गं डॉक्टरला?" ती म्हणाली. "मुतखड्याचा फोटो काडला तवा असंच सुईतनं औषध दिलं व्हतं. घसा सुजला, श्वास घेता येत नव्हता त्याला. तू बारकी व्हतीस."

फोन चालूच राहिला. मी दारावर थापा मारल्या. दोन-तीन क्षणच गेले असतील, पण ते मला अजून आठवतात. टेक्निशियनने दार उघडलं.

"औषध देऊ नका," मी म्हणाले. "त्यांना आधी त्रास झालाय."

हाताला सुई लावून झाली होती. औषध अजून गेलं नव्हतं.

त्यांनी सेंटरच्या डॉक्टरबाईंना बोलावलं. बाबा टेबलावर आडवे, डोळे छताकडे. बाईंनी शांतपणे विचारलं, तेव्हा म्हणाले, "झाला व्हता जरा. लय जुनी गोष्ट हाय."

मग सांगितलं का नाही, हे मी विचारलं. आवाज चढलाच माझा.

"सांगितलं असतं तर परत पाठवलं असतं," बाबा म्हणाले. "काय हाय ते एकदाचं कळू दे गं. रोज उठून त्याचाच विचार. आता नाय सहन होत."

त्यांनी हे कधी बोलून दाखवलं नव्हतं. मला वाटत होतं, घरात घाबरलेली मी एकटीच आहे.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. आताची औषधं पूर्वीपेक्षा सौम्य असतात, पण ज्याला एकदा त्रास झाला त्याच्या बाबतीत काळजी घ्यावीच लागते, असं म्हणाल्या. परत पाठवायचं म्हणजे स्कॅन होणार नाही असं नव्हे. त्रास होऊ नये म्हणून आदल्या दिवसापासून ठरलेल्या वेळी गोळ्या घ्यायच्या आणि जिथे लगेच उपचार मिळतील अशा मोठ्या हॉस्पिटलात करून घ्यायचं. त्यांनी तसं लिहून दिलं.

चार दिवसांनी पनवेलला स्कॅन झाला. त्या वेळी फॉर्म बाबांनी स्वतः भरला, चष्मा लावून, एकेक अक्षर. बाहेर आल्यावर म्हणाले, खरंच अंग गरम झालं, लघवी झाल्यासारखंही वाटलं. थोडा वेळ तिथेच बसवून ठेवलं होतं. त्रास झाला नाही. दिवसभर भरपूर पाणी प्यायला सांगितलं, तेवढं मी पाजत राहिले.

आतड्याच्या एका भागाला सूज निघाली. आम्हाला ज्याची भीती होती ते नव्हतं. पुढच्या तपासणीत आतड्याचा क्षय आहे असं ठरलं आणि गोळ्या सुरू झाल्या. महिने लागले, पण बाबा पुन्हा दोन भाकऱ्या खायला लागले.

आत्याला मी नंतर विचारलं, त्या वेळी फोन केला नसता तर. ती म्हणाली, केला ना, मग झालं. तिचं तिथे मिटलं. माझं मिटलेलं नाही. शाळेत मुलांच्या सहलीचे फॉर्म येतात, औषधाची ॲलर्जी आहे का असं त्यात विचारलेलं असतं. पालकांनी 'नाही'वर खूण केली असली तरी मी एकेकाला फोन करून पुन्हा विचारते.